सगळेच पक्ष ‘हरित’, मग खाडी भरतं कोण?

जानेवारी २०२६ मध्ये राज्यातल्या २९ महापालिकांच्या निवडणुका एकदाच्या पार पडल्या. त्या दिवसांत ठाण्यात काय आणि नवी मुंबईत काय, दाराच्या फटीतून आत सरकवलेल्या पत्रकांचा नुसता खच पडत होता. चिन्ह कुठलंही असो, पत्रकात एखादा हिरवा मुद्दा ठरलेला: खाडीकिनाऱ्याचं सुशोभीकरण, तलावाभोवती जॉगिंग ट्रॅक, वृक्षारोपण. आणि दोन ओळी खाली, त्याच दमात, रस्ता रुंदीकरण आणि उड्डाणपूल. शेजारच्या काकूंनी अशी तीन-चार पत्रकं समोर मांडून ठेवली आणि विचारलं, “सगळेच पर्यावरणवाले आहेत, तर मग झाडं तोडतं कोण रे?”

प्रश्न दिसतो तेवढा भाबडा नाही. गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत पर्यावरण हा विषय जगभरच्या पक्षीय राजकारणात शिरला. काही देशांत त्याने स्वतःचा पक्ष काढला. काही ठिकाणी मोठ्या पक्षांनी तो उचलून आपलासा केला. आपल्याकडे तो विरोधी बाकावर असताना घसा फोडून बोलतो आणि सत्तेत गेला की त्याचा आवाज बसतो. तरीही त्याचा परिणाम होतो, फक्त आपण बघतो तिथे तो दिसत नाही.

पर्यावरणवाद म्हणजे काय, आणि त्यात राजकारण कुठे आलं?

निसर्गाचं नुकसान झालं की त्याची किंमत कुणीतरी मोजतंच. ती किंमत कोण मोजणार, हे निर्णय घेण्याआधी ठरलं पाहिजे, या आग्रहाला पर्यावरणवाद म्हणू. झाडं लावणं, खाडीकाठचं प्लास्टिक गोळा करणं ही चांगली कामं आहेत, पण त्यांना विरोध करणारा कुणी नसतो, म्हणून त्यात राजकारणही नसतं. एकाचं हित दुसऱ्याच्या हिताआड आलं की राजकारण सुरू होतं.

हाउसिंग सोसायटीची वार्षिक सभा डोळ्यासमोर आणा. आवारात जुना गुलमोहर आहे. तो काढला तर सहा गाड्यांचं पार्किंग होतं. ज्या सहा जणांना जागा मिळणार, ते सभेला वेळेआधी हजर, वर दोघा-चौघांचे प्रॉक्सी खिशात. उरलेल्या नव्वद घरांना गुलमोहर आवडतो, पण सावलीसाठी रविवारची झोप मोडून सभेला कोण येणार? ठराव मंजूर होतो. सभेत दुष्ट कुणीच नव्हतं. फायदा मोजक्यांचा आणि मोठा होता, तोटा सगळ्यांचा आणि थोडाथोडा होता, एवढंच.

राजकीय पक्षही हाच हिशेब करतात. खाडीकाठचा भूखंड मोकळा झाला तर कुणाला किती मिळणार हे त्या माणसाला नेमकं माहीत असतं, आणि तो ते विसरत नाही. पाणथळ जमीन, म्हणजे भरती-ओहोटीचं किंवा पावसाचं पाणी मुरवून धरणारा सखल भाग, गेली तर नुकसान पावसाळ्यात पाणी तुंबल्यावर लाखभर लोकांमध्ये वाटलं जातं. तोवर निवडणूक होऊन गेलेली असते.

जर्मनीत पक्ष निघाला, मग आपल्याकडे का नाही?

जानेवारी १९८० मध्ये पश्चिम जर्मनीत कार्ल्सरूहे शहरात हरित पक्षाची स्थापना झाली. अणुऊर्जेला विरोध करणारे, शांततावादी, स्त्रीवादी, जंगलं वाचवणारे असे सगळे एका मांडवाखाली आले. तीनच वर्षांत, १९८३ च्या निवडणुकीत, त्यांना ५.६ टक्के मतं पडली आणि संसदेत त्यांचे २७ खासदार पोहोचले. १९९८ मध्ये हा पक्ष केंद्रातल्या आघाडी सरकारात होता आणि त्यांचा नेता योश्का फिशर परराष्ट्रमंत्री झाला.

जर्मन माणूस आपल्यापेक्षा निसर्गावर जास्त प्रेम करतो म्हणून हे झालं, असं मला वाटत नाही. फरक निवडणुकीच्या पद्धतीत आहे. तिथे प्रमाणशीर प्रतिनिधित्व चालतं: देशभरात किमान पाच टक्के मतं मिळवा, मतांच्या प्रमाणात जागा घ्या. आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये एका मतदारसंघात ज्याला सगळ्यांत जास्त मतं तो निवडून येतो, बाकीच्यांची मतं पाण्यात.

ब्रिटनमध्ये तर याचा प्रयोगच झाला. १९८९ च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत तिथल्या हरित पक्षाला जवळपास १५ टक्के मतं मिळाली आणि जागा मिळाली शून्य. दहा वर्षांनी, १९९९ मध्ये, त्याच निवडणुकीसाठी ब्रिटनने प्रमाणशीर पद्धत आणली. हरित पक्षाची मतं तोवर सहा टक्क्यांच्या आसपास उतरली होती, पण जागा मिळाल्या दोन. निम्म्याहून कमी मतांवर शून्याच्या दोन झाल्या. तिथल्या राष्ट्रीय संसदेची निवडणूक अजून जुन्याच पद्धतीने होते, त्यामुळे २०२४ मध्ये सहा टक्क्यांहून जास्त मतं मिळवूनही ६५० पैकी चारच जागा त्यांच्या हाती लागल्या.

आता हे गणित ठाण्याला लावून बघा. ठाणे लोकसभा मतदारसंघात मीरा-भाईंदर, ओवळा-माजिवडा, कोपरी-पाचपाखाडी, ठाणे, ऐरोली आणि बेलापूर असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. समजा १५ लाख लोकांनी मतदान केलं आणि फक्त खाडी आणि येऊरच्या जंगलाच्या मुद्द्यावर उभ्या असलेल्या उमेदवाराला एक लाख मतं पडली. कुठल्याही चळवळीला एक लाख माणसं म्हणजे केवढं मोठं बळ! पण अनामत वाचवायलाही एक षष्ठांश मतं लागतात, म्हणजे इथे अडीच लाख. लाख मतांचा मानकरी अनामत गमावून घरी.

त्यात खाडीची आणखी एक अडचण आहे. ठाणे खाडीचा पूर्वेचा काठ ऐरोली-बेलापूरचा, म्हणजे ठाणे मतदारसंघाचा. समोरचा काठ मुलुंड, विक्रोळी, मानखुर्दचा, म्हणजे ईशान्य मुंबईचा. पाणी एकच, पण त्याची काळजी करणारी मतं दोन खासदारांत विभागलेली. त्याच ईशान्य मुंबईतून २०१४ मध्ये मेधा पाटकर आम आदमी पक्षाच्या तिकिटावर उभ्या राहिल्या होत्या. नर्मदेच्या खोऱ्यातला कित्येक वर्षांचा लढा आणि देशभर माहीत असलेलं नाव पाठीशी असून त्या पडल्या. चळवळीतलं नाव आणि मतपेटीतली मतं यांची गाठ आपल्या पद्धतीत सहज पडत नाही.

मग मोठ्या पक्षांना या विषयाचं काय पडलंय?

पडलंय, कारण हरलेल्या उमेदवाराची मतंसुद्धा जिंकणाऱ्याला दिसतात. छोटा पक्ष किंवा चळवळ आपली मतं खाणार अशी धास्ती वाटली की मोठा पक्ष तो मुद्दा अलगद आपल्या झोळीत टाकतो. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था १९७० मध्ये स्थापन झाली ती रिपब्लिकन पक्षाच्या निक्सन यांच्या काळात. आजचा रिपब्लिकन पक्ष पाहिला तर हे खरं वाटणार नाही, पण तेव्हा हा विषय कुठल्याही एका पक्षाच्या मालकीचा झाला नव्हता.

जर्मनीतलं उदाहरण याहून झणझणीत आहे. अंगेला मर्केल यांच्या सरकारने २०१० मध्ये अणुभट्ट्यांचं आयुष्य वाढवलं. मार्च २०११ मध्ये जपानात फुकुशिमाचा अपघात झाला. त्याच महिन्याच्या शेवटी बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्यात निवडणूक होती. तिथे मर्केल यांचा पक्ष पन्नासहून जास्त वर्षं सत्तेत होता. तो हरला आणि जर्मनीतल्या एखाद्या राज्याला पहिल्यांदाच हरित पक्षाचा मुख्यमंत्री मिळाला. काही महिन्यांत मर्केल यांनीच अणुऊर्जा बंद करायचा कायदा आणला. शेवटच्या तीन भट्ट्या एप्रिल २०२३ मध्ये बंद झाल्या. हवामान बदलाच्या काळात अणुऊर्जा बंद करणं शहाणपणाचं होतं का, यावर पर्यावरणवाद्यांमध्येच भांडण आहे. पण पक्षांवर दबाव कसा चालतो, हे यातून स्वच्छ दिसतं.

आपल्याकडे हा दबाव खालून येण्याआधी वरूनच आला. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेला यजमान स्वीडनचे पंतप्रधान सोडले तर भारताच्या इंदिरा गांधी याच काय त्या सरकारप्रमुख हजर होत्या. त्यानंतरची यादी बघा: १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा, १९७४ मध्ये जलप्रदूषणाचा कायदा, १९८० मध्ये वन संवर्धन कायदा, १९८१ मध्ये हवेचा. १९८४ मध्ये भोपाळची दुर्घटना घडली आणि १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. मधल्या काळातली एक गोष्ट मला नेहमी चमत्कारिक वाटते. राज्यघटनेत पर्यावरणाच्या रक्षणाची जबाबदारी आली ती १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने, म्हणजे ऐन आणीबाणीत. नागरिकांचे हक्क गुंडाळून ठेवणाऱ्या काळात झाडापानांना घटनेत जागा मिळाली!

आपल्या किनाऱ्याची गोष्टही तिथूनच सुरू होते. १९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनारपट्टीच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं की भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत बांधकाम होऊ देऊ नका. त्या पत्रातूनच पुढे १९९१ ची किनारा नियमन अधिसूचना निघाली, जिला सगळे सीआरझेड म्हणतात. अधिसूचना म्हणजे कायद्याने दिलेल्या अधिकारात सरकारने राजपत्रात छापलेला नियम. त्यावर संसदेत मतदान व्हावं लागत नाही, आणि तो बदलायलाही फारसा गाजावाजा करावा लागत नाही. खाडीच्या काठाला लागणारं अंतर २०११ च्या सीआरझेडमध्ये १०० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतकं, यांत जे कमी ते, असं होतं. २०१९ च्या अधिसूचनेने १०० चे ५० केले. या ५० मीटरवर कुठल्या प्रचारसभेत टाळ्या पडल्याचं मला आठवत नाही. ठाण्याच्या खाडीसाठी मात्र सगळ्या जाहीरनाम्यांपेक्षा तो आकडा महत्त्वाचा आहे.

बाक बदलला की भूमिका बदलते

महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत पर्यावरणाने युत्या वाकवल्या, सरकारांचे पहिले निर्णय ठरवले, मंत्र्यांना कोलांट्या मारायला लावल्या.

नाणारपासून सुरुवात करू. रत्नागिरी जिल्ह्यातल्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाला गावांचा विरोध होता. शिवसेना राज्यात भाजपबरोबर सत्तेत होती आणि तरी विरोधाच्या बाजूने होती. २०१९ च्या लोकसभेआधी युती जुळताना नाणारचं भूसंपादन रद्द झालं. आंब्याच्या बागा आणि मच्छीमारांची खाडी राष्ट्रीय पातळीवरच्या जागावाटपात येऊन बसली. मग राज्यात सरकार बदललं. जानेवारी २०२२ मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी केंद्राला पत्र पाठवून याच प्रकल्पासाठी शेजारच्या बारसूची जागा सुचवली. पुढे त्यांचं सरकार गेलं. एप्रिल २०२३ मध्ये बारसूत माती परीक्षण सुरू झालं, गावकरी रस्त्यावर उतरले, आणि मे महिन्यात ठाकरे गावकऱ्यांच्या बाजूने बारसूत हजर! भाजपनेही याच प्रकल्पासाठी जिवाचं रान केलं होतं, पण युतीची गरज पडली तेव्हा २०१९ मध्ये तो सोडायला वेळ लावला नाही. गरज सगळ्यांनाच असते.

आरेचं प्रकरण तर सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रो कारशेडसाठी झाडं पडायला लागली. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला थांबा म्हणेपर्यंत २,१४१ झाडं गेली होती. नोव्हेंबरच्या अखेरीस उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले आणि दुसऱ्याच दिवशी कारशेडला स्थगिती आली. कारशेड कांजूरमार्गला न्यायचं ठरलं. तिथल्या मिठागराच्या जमिनीवर केंद्राने हक्क सांगितला, डिसेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने काम थांबवलं. २०२२ मध्ये एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले आणि कारशेड परत आरेत. आज ती मेट्रो धावते आहे आणि तिचं कारशेड आरेतच आहे.

म्हणजे सगळं मुसळ केरात? पूर्णपणे नाही. या ओढाताणीत २०२० मध्ये आरेतली सुमारे ६०० एकर जमीन राखीव वन म्हणून जाहीर झाली, पुढे ती ८०० एकरांच्या वर गेली. कारशेड हरलं की जिंकलं याचीच चर्चा झाली आणि ही शेकडो एकर जमीन बातम्यांच्या तळाशी राहिली. सरकार बदललं तरी राखीव वनाचा शिक्का पुसणं सोपं नसतं.

काँग्रेसही यातून सुटत नाही. केंद्रात पर्यावरणमंत्री असताना जयराम रमेश यांची ख्याती ‘अडवणारा मंत्री’ अशी होती. पण नोव्हेंबर २०१० मध्ये जैतापूर अणुप्रकल्प आणि नवी मुंबई विमानतळ, या दोन्हींना पर्यावरण मंजुरी त्यांच्याच मंत्रालयाने दिली. दिल्ली-पंजाबचं तर विचारूच नका. पंजाबात काँग्रेस असताना, दिल्लीत सत्तेत असलेल्या आम आदमी पक्षाच्या लेखी दिल्लीच्या धुराला पंजाबचे पेंढे जाळणारे जबाबदार होते. २०२२ मध्ये पंजाबात आम आदमी पक्षाचं सरकार आलं, आणि धूर हरयाणाच्या दिशेने यायला लागला.

म्हणजे परिणाम शून्य?

इथे नवी मुंबई विमानतळाकडे नीट बघायला हवं. ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याचं उद्घाटन झालं. टेकडी सपाट झाली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, खारफुटी गेली. पर्यावरणवादी हरले, असंच कुणीही म्हणेल.

पण मूळ आराखड्यात दोन धावपट्ट्यांमधलं अंतर १,८०० मीटर होतं आणि त्यासाठी गाढी नदीसुद्धा वळवावी लागणार होती. २०१० च्या मंजुरीआधीच्या वादावादीत हे अंतर १,५५० मीटरवर आलं आणि गाढी नदी आपल्या जागी राहिली. अडीचशे मीटर. सभेत सांगायला यात काही नाही, पोस्टरवरही शोभणार नाही. पण पनवेलच्या बाजूला नदी आज जिथून वाहते तिथून वाहते आहे, ती या अडीचशे मीटरमुळे.

बुलेट ट्रेनचंही तसंच. ठाणे खाडीखालून तिचा सुमारे सात किलोमीटरचा बोगदा जातो. मार्गात सुरुवातीला ५३ हजारांहून जास्त खारफुटीची झाडं तोडावी लागणार होती. आराखडा बदलत बदलत आकडा २० हजारांच्या घरात आला आणि डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला परवानगी दिली. प्रकल्प अडला नाही, पण तीस हजार झाडं वाचली.

माझं म्हणणं एवढंच आहे की पर्यावरणाचा पक्षांवरचा परिणाम त्यांच्या भाषणात शोधू नका. तो बदललेल्या नकाशात, मंजुरीच्या अटींत आणि राजपत्राच्या परिशिष्टात सापडतो. भाषणं बाकाबरोबर फिरतात.

“हे सगळं पोट भरलेल्यांचं खूळ आहे”

ही हरकत येणारच, आणि ती अर्धी खरी आहे. पाम बीच रोडच्या बाजूच्या टॉवरमध्ये फ्लेमिंगो दिसणाऱ्या फ्लॅटला भाव जास्त, म्हणून पक्ष्यांचं प्रेम उफाळून आलेले लोक आहेतच. पण जंगलासाठी चिपको केलं ते उत्तराखंडच्या पहाडातल्या बायकांनी, ज्यांना सरपण आणि पाणी तिथूनच आणायचं होतं. आणि आपल्या खाडीचे सगळ्यांत जुने राखणदार चेंदणी, वाशी, सारसोळे, दिवाळे इथले कोळी आहेत. वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलामुळे मासेमारीवर होणाऱ्या परिणामासाठी ते न्यायालयात गेले आणि २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचा भरपाईचा हक्क मान्य केला. कोळ्याच्या भाषेत याला पर्यावरण म्हणत नाहीत, धंदा म्हणतात. चिंबोरी मिळाली तर चूल पेटते.

उरलेली अर्धी बाजूही ऐकायला हवी. ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि उरण-पनवेलकडे खारबांध घालून समुद्राच्या पाण्यापासून राखलेली भातशेती होती. बांधाची डागडुजी थांबली, खांड पडली, भरतीचं पाणी शेतात शिरलं. चार-सहा वर्षांत तिथे तिवरं उगवली. खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे सातबाऱ्यावर भातशेती आणि जमिनीवर वन, अशी त्या आगरी शेतकऱ्याची गत झाली. त्यातच शहरासाठी जमिनी दिलेल्या गावांना अजून गरजेपोटी बांधलेल्या घरांच्या कायदेशीरपणासाठी खेटे घालावे लागतात. त्याच्या समोर उभं राहून ‘तिवरं वाचवा’ म्हणायला हिंमत लागते, आणि त्याला भरपाई कोण देणार याचं उत्तरही लागतं. हे उत्तर न देता केलेला पर्यावरणवाद ज्याला तोटा होतो त्याला सरळ दुसऱ्या पक्षाकडे ढकलतो.

मतदार पर्यावरणाच्या विरोधातही मत देतो

केरळमध्ये हेच झालं. पश्चिम घाट जपायला कुठे काय निर्बंध हवेत यावर पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ मध्ये अहवाल दिला, नंतर कस्तुरीरंगन समितीचा आला. इडुक्की जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांमध्ये घबराट पसरली की आता आपल्याला घरही बांधता येणार नाही. तिथले काँग्रेसचे खासदार पी. टी. थॉमस गाडगीळ अहवालाच्या बाजूने उभे राहिले. २०१४ मध्ये पक्षाने त्यांना तिकीटच नाकारलं, आणि एवढं करूनही जागा गेली ती अहवालविरोधी आंदोलनातून आलेल्या, डाव्या आघाडीचा पाठिंबा असलेल्या अपक्षाकडे. त्या दिवसापासून पश्चिम घाटाच्या राज्यांतल्या पुढाऱ्यांनी जो धडा घेतला असेल तो सांगायला नको.

फ्रान्समध्ये २०१८ च्या नोव्हेंबरात पिवळी जाकिटं घातलेले लोक चौकाचौकांत उतरले, कारण प्रदूषण कमी करण्याच्या नावाखाली इंधनावरचा कर वाढणार होता. पॅरिसमध्ये मेट्रोने फिरणाऱ्याला त्याची झळ नव्हती. खेड्यातून चाळीस किलोमीटर गाडी हाकत कामाला जाणाऱ्याला होती. सरकारला तो कर मागे घ्यावा लागला.

म्हणून हुशार पक्ष आता वेगळी वाट धरतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये, लोकसभेच्या तोंडावर, केंद्राने एक कोटी घरांच्या छपरावर सौरऊर्जा बसवायची पीएम सूर्यघर योजना आणली, ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदानासह. हवामान बदलाचं नाव न घेताही ती योजना विकली जाते, कारण फायदा थेट वीजबिलात दिसतो. सोसायटीच्या सभेत गुलमोहराऐवजी सोलर पॅनेलचा विषय असता तर मंडळी वेळेवर आली असती. मला यात काही वावगं वाटत नाही. पण असा फायदा छपरावर दाखवता येतो, पाणथळ जागेचा दाखवता येत नाही, एवढं लक्षात ठेवायला हवं.

“मग न्यायालयच बरं की!”

खारफुटीच्या बाबतीत तरी न्यायालय नसतं तर काय झालं असतं, याची कल्पना करवत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यभरातल्या खारफुटीच्या तोडीवर बंदी घातली आणि २०१८ च्या निकालात तर तिचा नाश म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला. आता सार्वजनिक प्रकल्पालाही खारफुटी तोडायची तर आधी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते.

पण याची दुसरी बाजू पुढाऱ्यांच्या सोयीची आहे. परवानगी मिळाली तर ‘न्यायालयानेच दिली’, नाकारली तर ‘न्यायालयाने विकास अडवला’. भूमिका घ्यायची जबाबदारी टळली. आणि न्यायालय समोर आलेल्या एका प्रकरणावर निर्णय देतं. शहर कुठल्या दिशेने वाढावं हे ठरवणं त्याचं काम नाही. ते ज्यांचं काम आहे त्यांना आपण निवडून देतो.

आपल्या डोळ्यांसमोरचं उदाहरण

ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये ही खाडी रामसर स्थळ झाली, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. क्षेत्र सुमारे ६५ चौरस किलोमीटर. नवी मुंबईने स्वतःला ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणवून घेतलं, भिंतींवर गुलाबी पक्षी रंगवले.

भरती वाढली की खाडीतले पक्षी उडून आतल्या तळ्यांवर येतात, कारण उथळ पाण्यात उभं राहायला त्यांना तेवढीच जागा उरते. नेरूळचं डीपीएस तळं त्यातलंच. अभयारण्याची हद्द मात्र या तळ्यांना वगळून जाते. २०२४ मध्ये या परिसरात फ्लेमिंगो मरून पडल्याच्या बातम्या आल्या. तळ्यात भरतीचं पाणी यायचे मार्ग अडल्याची पर्यावरणप्रेमींची तक्रार होती. त्या वेळी काठावर गेलेल्यांना दिसलं ते असं: मधोमध भेगाळलेला चिखल, कडेला साचलेल्या पाण्यावर हिरवट साय, आणि रस्त्याच्या भिंतीवर तजेलदार गुलाबी रंगात फ्लेमिंगोंचा थवा. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने हे तळं संवर्धन राखीव क्षेत्र करायला मान्यता दिली. तोवर ऐरोलीचे आमदार गणेश नाईक वनमंत्री झालेले होते. मतदारसंघ, खातं आणि बातम्या एका रेषेत आल्या की फायली हलतात, हे यातून दिसतं. उलट, नवी मुंबईच्या २०२२ च्या प्रारूप विकास आराखड्यात पाणथळ जागा बांधकामायोग्य दाखवल्याची हरकत पर्यावरणप्रेमींना घ्यावी लागली होती.

प्रारूप विकास आराखडा म्हणजे पुढची वीस वर्षं कुठली जमीन कशाला वापरायची याचा कच्चा नकाशा. त्यात निवासी जागा पिवळ्या रंगात असतात. एखादं तळं पिवळं रंगवलं गेलं की पुढचं सगळं कायदेशीर असतं, मग निवडून कुणीही येवो. या नकाशावर कुणीही नागरिक लेखी हरकत घेऊ शकतो, त्यावर सुनावणी होते, आणि नगरसेवकाने त्या सुनावणीत काय भूमिका घेतली हे विचारता येतं. हरकतीची मुदत साधारण महिनाभराची. ती जाहीर होते वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, भिंग घेऊन वाचावं लागेल अशा टायपात.